४४० रुपयांची बचत

*ताई,*
*आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. मी ४३ वर्षांची, हे ४७, सासूबाई ७२ आणि दोन मुलं, आठवीत आणि पाचवीत. हे फोर्टला एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघतात, मी घरी शिकवण्या घेते. दिवाळीनंतर एकदा येताना गाडीत ह्यांना चक्कर आली, दरदरून घाम फुटला. जवळच्या खासगी हॉस्पिटलात दोन दिवस ठेवलं. बीपी १९०/११० निघालं. हार्टचं काही नाही म्हणाले, पण बिल ६८,००० झालं. ऑफिसच्या विम्यातून ४१,००० आले, बाकीचे माझ्या भिशीतून गेले. बीपी दोन वर्षांपासून आहे, गोळी चालू आहे, मधे दोनेक महिने बंद होती, बरं वाटत होतं म्हणून. तीन महिन्यांची शुगर ६.२ आली आहे. शिवाय दर महिन्याला औषधांचे ४,२०० जातात.*
*आता सोसायटीत एका लॅबचा मुलगा येतो. चौघांचं फुल बॉडी चेकअप ६,९९९ मध्ये, ८० च्या वर टेस्ट, टॅक्सही वाचेल म्हणतो. नणंद म्हणते भावाला जिम लाव, वर्षाचे १८,०००. आधी कशावर पैसे घालू? पावत्या आणि डिस्चार्ज कार्डचे फोटो पाठवते आहे. मी तशी ठीक आहे. जिना चढताना हल्ली धाप लागते, पाळीतही जास्त जातं, पण वयच झालं म्हणायचं.*
*– एक वाचक, विक्रोळी पूर्व*

नमस्कार.

तुमचं पत्र लांब आहे, पण त्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘मधे दोनेक महिने बंद होती, बरं वाटत होतं म्हणून.’ तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. मला तिथून पुढे जाववेना.

मी डॉक्टर नाही, घरखर्चाच्या वह्या बघणारी बाई आहे, त्यामुळे हिशेबानेच बोलते. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर बीपीच्या गोळीची स्ट्रिप ११० रुपयांची आहे, पंधरा गोळ्यांची. रोज एक गोळी, म्हणजे दोन महिन्यांच्या चार स्ट्रिपा, ४४० रुपये. तुमच्या मिस्टरांनी ४४० रुपये वाचवले आणि त्यानंतर हॉस्पिटलचं बिल आलं ६८,०००. एकाचं कारण दुसरं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डिस्चार्ज कार्डच्या खालच्या ओळीत डॉक्टरांच्या अक्षरात ‘औषध अनियमित’ असं लिहिलंय. ती ओळ घरात कुणी वाचली का?

बीपी दुखत नाही, ही त्याची खोड. गोळी घेतोय म्हणून बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून गोळी सुटते. त्यात आपल्याकडे पुरुषांच्या मनात एक पक्कं बसलेलं असतं: एकदा गोळी सुरू केली की तिची सवय लागते, ती जन्माची मागे लागते. गोळीची सवय लागत नाही हो. बीपी मुळात असतंच, गोळी ते दाबून धरते. पुढे वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डॉक्टर स्वतः डोस कमी करतात, कधी बंदही करतात. पण ते त्यांनी मोजून करायचं, आपण वाटतंय म्हणून नव्हे. आणखी एक, त्यांना रागावून नाही, सहज विचारा की गोळी घेतल्यावर काही त्रास होत होता का. पायाला सूज, सुका खोकला, उभं राहिल्यावर गरगरणं अशा कारणाने लोक गुपचूप गोळी सोडतात आणि घरात सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर औषध बदलून मिळतं.

सकाळच्या गाडीच्या घाईत गोळी विसरते, हेही खरं. स्ट्रिपच्या मागे प्रत्येक गोळीवर बॉलपेनने तारीख घाला आणि स्ट्रिप चहाच्या डब्याला रबरबँडने लावा. चहा काही आपण विसरत नाही. रात्री स्ट्रिप बघायचं काम आठवीतल्या मुलाकडे द्या. बाबांची चूक पकडायला मिळते म्हटल्यावर तो एक दिवस चुकवणार नाही.

आता तुमच्या ४,२०० रुपयांकडे येते. पावत्या मी टेबलावर पसरल्या आणि वहीत उतरवल्या. बीपीची गोळी २२०, कोलेस्टेरॉलची ३००, पित्ताची २८०, कॅल्शियम २४०, मुलांचं सर्दी-खोकला-तापाचं ३५०. इथवर १,३९०. उरलेले कुठे गेले? मल्टिव्हिटॅमिन ५२०, प्रोटीन पावडरचा डबा ७८०, ‘शक्तीचं’ टॉनिक ४६० आणि सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या १,०५०. बेरीज २,८१०. म्हणजे तीन रुपयांतले दोन रुपये अशा गोष्टींवर, ज्या तुम्ही पाठवलेल्या एकाही चिठ्ठीवर आज लिहिलेल्या नाहीत. कधीतरी कुणीतरी महिनाभरासाठी दिल्या, कुणी सुचवल्या, केमिस्टकडचा पोरगा दर महिन्याला तीच पिशवी भरून देतो आणि आपण घेतो. वर्षाचे ३३,७२० होतात. बिलातले जे २७,००० तुमच्या भिशीतून गेले, ते यात निघून वर उरले असते.

उद्याच सगळं फेकून द्या असं म्हणत नाही. पुढच्या खेपेला हा ढीग पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता आणि एकेका डब्यावर बोट ठेवून विचारा, हे का चालू आहे, कधी बंद करायचं? पित्ताच्या गोळीबद्दल मुद्दाम विचारा. ती बहुतेकदा थोड्या दिवसांसाठी दिलेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. मिस्टर रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवे होत असतील तर पित्त गोळीने जाणार नाही. सासूबाईंच्या त्या महागड्या गोळ्यांचा ठाम फायदा अभ्यासांमध्ये दिसलेला नाही. गुडघ्यांसाठी डॉक्टर आज भर देतात तो मांडीच्या व्यायामावर आणि वजनावर. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. टीव्हीवरची मालिका बघताबघता होतं.

जी औषधं खरंच लागतात, ती जनऔषधी केंद्रातून घेता येतील का बघा. केंद्र सरकारची ही योजना २००८ पासून आहे आणि तिथल्या जेनेरिक (कंपनीचा ब्रँड नसलेल्या) गोळ्या ब्रँडच्या तुलनेत ५० ते ९० टक्क्यांनी स्वस्त असतात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. घेताना दोनच गोष्टी जुळवायच्या: सॉल्ट (म्हणजे मूळ औषध) तेच आणि मिलिग्रॅम तेवढेच. नावापुढे एसआर किंवा ईआर असेल तर तेही जुळलं पाहिजे, ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी असते. आणि ब्रँड बदलला की पहिले पंधरा दिवस बीपी जरा जास्त वेळा मोजा.

त्यासाठी बीपीचं मशीन मात्र घ्या. दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. दोनेक हजारांत येतं आणि तुमच्या घरात पहिला खर्च हाच व्हायला हवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि तारखेसह वहीत. ऑफिसातून घामाघूम येऊन बूट काढताकाढता मोजलेलं बीपी बीपी नव्हे. आकडे सतत १४० वर ९० च्या पुढे राहिले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांना तुमच्या तोंडच्या ‘बरंय तसं’पेक्षा ती वही जास्त उपयोगाची.

आता त्या लॅबच्या मुलाचं. ८० टेस्ट हा आकडा कसा होतो माहितीये? सीबीसी ही रक्ताची एक तपासणी, पण रिपोर्टवर तिचे वीसेक आकडे छापून येतात, त्या झाल्या वीस टेस्ट. लिव्हरचे दहा-अकरा, कोलेस्टेरॉलचे सात-आठ, लघवीचे पुन्हा डझनभर. वर दोन-तीन कॅन्सर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा संशय दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या, टाकलेले असतात. काही त्रास नसलेल्या माणसाने ते मार्कर करू नयेत. त्यातला एखादा आकडा उगीचच वर येतो, मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, आणि पंधरा दिवस घरात कुणाला झोप नाही. टॅक्सचं म्हणाल, तर प्रतिबंधक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंतची वजावट आहे, पण तीही आरोग्य विम्याच्या हप्त्याच्या २५,००० च्या मर्यादेतच, आणि फक्त जुन्या कररचनेत. मिस्टर नव्या कररचनेत असतील तर एक पैसाही वाचत नाही. ते अकाउंट्स बघतात ना, त्यांनाच विचारा!

आणि पॅकेजमध्ये मुलांचं रक्त कशाला काढायचं? मुलांना लागतं ते वेगळं: राहिलेल्या लशी, डोळ्यांचा नंबर आणि दात. दातांचं माझं स्वतःचं सांगते. दाढेवर काळा ठिपका दिसला तेव्हा डॉक्टरने ८०० रुपयांत भरून देतो म्हटलं होतं. दुखत नव्हतं, मी दीड वर्ष काढलं. शेवटी एका रात्री गाल धरून बसले, आणि रूट कॅनल, वर कॅप मिळून १४,००० मोजले. घरखर्चावर सदर लिहिणाऱ्या बाईची ही गोष्ट, म्हणून कुणाला सांगत नाही. मुलांना वर्षातून एकदा दाखवा. खासगीत परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलजवळचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जातो, रांग असते, शिकणारी मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. पण काम होतं आणि खिसा वाचतो.

मिस्टरांना ज्या तपासण्या लागतील त्या एका हाताच्या बोटांवर मावतात: शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवी, आणि डॉक्टरांना वाटलं तर ईसीजी. महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ २०२२ पासून सुरू झालेत, तिथे डॉक्टरांची तपासणी आणि रक्ताच्या बऱ्याचशा चाचण्या मोफत होतात. ‘फुकटचं ते कसलं’ ही आपल्या लोकांची अढी मला ठाऊक आहे. एकदा जाऊन बघा, मग अढी ठेवायची की काढायची ते ठरवा. मोजमापाची एक टेप घरीही आहे तुमच्याकडे, शिवणाच्या डब्यात. बेंबीच्या रेषेत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की शुगर-बीपीचा धोका वाढतो.

मिस्टरांच्या तीन महिन्यांच्या शुगरच्या ६.२ या आकड्याने घाबरू नका आणि तो कपाटातल्या फाइलमध्येही टाकू नका. ५.७ पर्यंत ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, मधला हा उंबरा. इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशाच उंबऱ्यावरच्या लोकांनी वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच लक्ष्य ठेवलं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात ही घट २८ टक्क्यांच्या आसपास होती. आपली माणसं मुळात बारीक असून शुगरकडे झुकलेली असतात, म्हणूनही आकडा लहान असेल. तरी मधुमेहाच्या आयुष्यभराच्या औषधांपुढे तो लहान म्हणवत नाही. कार्डावर मिस्टरांचं वजन ७८ किलो आहे, म्हणजे साडेपाच किलो उतरवायचंय. पोट सपाट करून फोटो काढायचा नाहीये.

म्हणून जिमचे १८,००० सध्या राहू द्या. पहिल्या महिन्यात उत्साह, दुसऱ्यात उशीर, तिसऱ्यात ‘सोमवारपासून’. विक्रोळी स्टेशनवर उतरल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी चालत घरी यायला सांगा. झपझप चाललं तर पंचवीसेक मिनिटं. सकाळी घाई असते, सकाळचं सोडून द्या. फक्त परतीचं, आठवड्याचे सहा दिवस, झाले की १५० मिनिटं! आणि वाटेत वडापावच्या गाडीसमोरून मान वळवून जायचं, हा व्यायामातलाच भाग.

मिठाचं तुमच्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. आमटी-भाजीतलं मीठ आपण मोजतो आणि लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स हिशेबात धरत नाही. खारा बांगडा तर विचारूच नका. मी मालवणकडची आहे, मला त्याचा वास आला की संयम सुटतो. तरी आता महिन्यातून एकदाच, आणि तोही रात्रभर पाण्यात टाकून, सकाळी ते पाणी ओतून. ताटात वाढायची मिठाची वाटी मात्र आजपासून उचला. मिस्टर तंबाखू मळत असतील (तुम्ही लिहिलं नाहीत, पण फोर्टच्या ऑफिसांतल्या गप्पा मला माहीत आहेत) तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, ते तंबाखू सोडवायला मदत करतात.

सासूबाईंसाठी सगळ्यात मोठा खर्च आज दिसत नाही, तो मोरीत दबा धरून बसलाय. ओली फरशी, उंबरा, रात्री दिवा न लावता जायची सवय, त्यात मोतीबिंदू असेल तर आणखीच. या वयात पाय घसरला की खुब्याचं हाड जातं, मग ऑपरेशन, वॉकर, घरात कुणीतरी कायम. धरायला एक दांडा भिंतीत पक्का बसवून घ्या, रबरी मॅट टाका, पॅसेजमध्ये रात्री झिरोचा दिवा ठेवा. प्लंबर, दांडा, मॅट धरून दोन हजारांच्या आत काम होईल. डोळे तपासून घ्या.

त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यात मिळतात. आधार कार्डावर निघतं. कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आत्ताच बघून फ्रिजवर चिकटवा, रात्री दोन वाजता शोधायची वेळ येऊ नये. बाकीच्या घरासाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, ती आता कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डावर चालते. तरी ऑफिसचा विमा नोकरीसोबत जातो, म्हणून कुटुंबाची स्वतःची एक पॉलिसी असावी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय. फॉर्मवर बीपी आणि शुगर लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायला लावण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, लपवलेलं उघडं पडलं तर मात्र ऐनवेळी क्लेम नाकारतात.

पावसाळ्याचं एकच. मुलं किंवा मिस्टर साचलेल्या पाण्यातून आले तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोसाठीची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठीची) प्रतिबंधक गोळी विचारा, पायाला जखम असेल तर नक्कीच. केमिस्टकडून आपल्या मनाने घेऊ नका.

आता तुमचं. पाच माणसांच्या घराबद्दल लिहिलंत, त्यात स्वतःला शेवटच्या दोन ओळी दिल्यात. पॅकेजही ‘चौघांचं’, पाचवं कोण ते मला कळलं. त्रेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागणं आणि पाळीत जास्त जाणं हे वय नव्हे. हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं, आणि का उतरलंय ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी बघायला हवं. आज ती तपासणी जवळजवळ फुकट आहे. चालढकल केलीत तर उद्या रक्त चढवायला भरती व्हावं लागेल, आणि तुम्ही आडव्या झालात की शिकवण्या बंद, डबे बाहेरून. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्यावर चहा घेऊ नका, तासभर मधे जाऊ द्या, नाहीतर लोह अंगी लागत नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर बीपी-शुगरबरोबर तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची कॅन्सर तपासणी असते, तीही विचारा. संकोच वाटला तर बाई डॉक्टर आहेत का म्हणून आधी फोन करा.

हे सगळं एका महिन्यात करू नका, दमाल. या सोमवारी शिकवणीला सुट्टी द्या आणि दवाखान्यात केसपेपर काढा, पहिला तुमच्या नावाचा. निघताना औषधांचा ढीग पिशवीत घाला, आणि सासूबाईंचं आधार कार्डही.